पाण्याचं डोहाळजेवण

"काढ ती साडी. पाण्याला कशाला पाह्यजे हिरवं?"

जालन्याच्या दवाखान्यात, भरल्या व्हरांड्यात, सासू मला म्हणाली. बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी हिरवा चुडा भरून मधोमध उभी. तमाशाला काय कमी?

डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं, पोटात बाळ नाही. लिव्हर खराब झालंय, त्यानं पाणी भरलंय. औरंगाबादला न्या. सांगितलं नवऱ्याला. माझ्याकडं बघितलंही नाही.

पाळी थांबली आणि पोट वाढलं. आमच्या घराला एवढं पुरलं. डोळे पिवळे झालेले कुणाला दिसले नाहीत. डोहाळजेवण मात्र दणक्यात! मोसंबीच्या बागेत झोपाळा, अंगभर फुलं. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उचलायला लावली. पेढा निघाला. बाया ओरडल्या, "पोरगा!" घ्या. माझ्या पोटातलं पाणी पोरगा होतं.

"चोरून दारू पिती का वो ही?" सासूनं डॉक्टरला विचारलं.

दारू प्यायचा माझा दीर. उघड, दारात बसून. आदल्या वर्षी त्याचंही पोट असंच फुगलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. पोट फुगलेलं दिसलं त्याच दिवशी त्याच्यासाठी जीप आली. औरंगाबादपर्यंत त्याचं डोकं सासूच्या मांडीवर.

आणि मी? नवरा म्हणाला, "मोसंबीची तोड चालू हाय. झाली की बघू. तवर माळ घाल."

कावीळ उतरवायची माळ. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफून गळ्यात घालतात. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. लोक म्हणतात, रोग उतरला. माझी माळ बेंबीखाली गेली. पोट तिच्या पुढं.

"उतरली बघ कावीळ," सासू घरभर ऐकू जाईल असं बोलली. "बस झालं सोंग. ऊठ, भाकरी टाक."

उठले. माळ काढली आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या नवऱ्याच्या गळ्यात घातली.

"लग्नातला हार पहिला, हा दुसरा. बसा घालून. मी चालले."

बदनापूरला जाऊन एकटीच रेल्वेत बसले. पोट धरून.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतका उशीर का केला?" मला विचारलं. मलाच. मी सवयीनं नवऱ्याला शोधायला मान वळवली. मागं भिंत.

"मला वाटलं, बाईला कुणीतरी आणावं लागतं."

बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. लाज वाटली नाही. संताप आला.

वाचले. पण खराब झालं ते झालं. गोळ्या जन्माला बांधल्या. दीर बरा होऊन पुन्हा दारात बसला, बाटली घेऊन.

आता आमच्या गावात कुण्या बाईचे डोळे पिवळे दिसले की मी तिला विचारते, येती का? ती हो म्हणाली की गाडीत बसवते. नवरा, सासरा आडवे येतात. "आम्हाला विचारलं का?"

न्हाई विचारलं. विचारणार बी न्हाई.