अडकित्त्याखालची काच

वर्ध्यातली कॅसेटची दुकानं नुकती कुठे सीडी ठेवायला लागली होती, तेव्हा आमचे सर सीडीच्याही पुढचं करून बसले होते. सीडीत माहितीचा एकच थर असतो. सरांच्या काचेवर प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचे तीन थर होते, एकावर एक. लेसर पडला की तिथे ठिपका उमटे, आणि हिरव्या प्रकाशात तो लाल चमके. कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला लेसर जोडून त्यांनी हे जमवलं होतं. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटे.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करताना वर्षभरात माझी एकच काच धड साधली. सोमवारी नागपूरचे परीक्षक ती बघणार होते. प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, म्हणून काळ्या कागदात गुंडाळून मी ती बोरगाव मेघेला घरी आणली. ऊन लागलं तर सगळी काचच चमकेल आणि ठिपके त्यात बुडतील, हे घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

सासूबाई अल्लीपूरहून तूर घेऊन आल्या होत्या. चैत्रात त्या घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना ऊन दाखवत. डाळी, गोधड्या, माझी पुस्तकंसुद्धा. कपाट आवरताना त्यांना त्या पुडक्याचा दमट वास आला. मी परतले तेव्हा काच गच्चीवर तुरीशेजारी उघडी पडली होती. वाऱ्याने खालचा कागद उडू नये म्हणून तिच्यावर त्यांचा अडकित्ता.

मी नको नको ते बोलले आणि अबोला धरला. सरांना सांगायची तर हिंमतच झाली नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत सर काच हिरव्या दिव्याखाली ठेवणार, तेवढ्यात सासूबाई दारात. एकट्याच ऑटोने आल्या होत्या.

"चूक माह्यी हाय. मीच काचेले ऊन दाखवलं. तिले काई बोलू नका."

सरांनी दिवा लावला. काच लालभडक पेटली. मधोमध मात्र अडकित्त्याची काळी आकृती होती. सरांनी नेमकं तिथेच भिंग नेलं आणि स्क्रू फिरवत गेले. पहिला थर, दुसरा, तिसरा. ठिपके जागच्या जागी होते. परीक्षकांनी स्वतः दोनदा पाहिलं आणि मान हलवली.

मग सरांनी सासूबाईंना स्टुलावर बसवलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"एकाच वावरात तीन पिकं, अन् कोणी कोणात मिसळत नाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे मले काऊन नाई सांगितलं तू? समजलं असतं मले."

परीक्षकांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी त्या दिवशी दिली. घरी जाताना ऑटोत मग सासूबाईंना पहिल्या थरापासून सगळं सांगत गेले.