सात डोळ्यांची काडी

माझी लेक सन्मती एकदाची डोळे मिटते. दुपारचे अडीच. ती उठेपर्यंतचा तासभर माझा. तिला थोपटता थोपटता माझाच हात जड होतो, आणि खोलीची भिंत संपते तिथून द्राक्षबागेची ओळ सुरू होते.

ओळीच्या तोंडाशी अण्णा उभे. माझे सासरे. जाऊन दोन वर्षं झाली, पण गालातली तंबाखू तीच.

"आलीस व्हय, सूनबाई? सोमवारी बाग काढताय म्हणं."

"हो. जेसीबी सांगितलाय. छाटणीची कात्री हे हातातच धरत नाहीत."

"वीस वर्सं शिकिवलं त्याला!"

"शिकवलंत?"

पुढे महावीर दिसतो. माझा नवरा, लग्नातल्या सफारीत काड्या छाटतोय. सात डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, राखून वेलीची काडी कापायची, हा अण्णांचा नेम. चुकून आठ राहिले की ते त्या काडीवर थुंकायचे, पिचकन. कामावरच्या सगळ्या बायकांना दिसावं, मालकाच्या पोराचं कुठं चुकलं ते. मग स्वतः पुन्हा कापायचे. आताही थुंकतात. तांबूस लाळ काडीवरून ओघळत महावीरच्या बोटांवर येते. तो पुसत नाही. सवय झालीय त्याला.

"अण्णा, एकदा तरी 'बरोबर हाय' म्हणा. अजून ऐकतील हे. बाग राहील."

"बरूबर म्हटलं की पोरगं बिघडतं. माज्या बानं मला कधी म्हटलं न्हाई."

"मग न बिघडलेल्या पोरानं बाग कुणाला दिली? जेसीबीला?"

ते खोकल्यासारखं हसतात. ओळीचा आता ओटा झालाय. वेलींच्या जागी पोळपाट, त्यावर सन्मतीची इवलीशी चपाती, एका बाजूला शेपूट आलेली. अण्णा वाकून बघतात. गाल फुगवतात. मी मध्ये हात घालते. ऊन, चिकट थुंकी तळव्यात पडते.

"माज्यावर कशाला डाफरतीस? मघाशी तू काय येगळं केलंस?"

जाग येते.

मघाशी मी तीच चपाती चुरगाळली होती. "अशी असते का गं?" म्हणत गोळा करून तिच्या हातात दिला आणि दुसरी गोल लाटून वाढली. ती तिनं खाल्ली नाही. गोळा मुठीत धरून मुसमुसत झोपली.

आता तो गोळा माझ्या मुठीत आहे. सुकलेला. त्यावर तांबूस डाग. वास घेते. तंबाखू. आमच्या घरात दोन वर्षांत कुणी तंबाखू मळलेली नाही.

बाहेर महावीर फोनवर सांगतोय, "हो, सोमवारीच. मुळासकट."

सन्मती कूस बदलते. "आई, माझी चपाती?"

डागाएवढी कणीक मी नखानं तोडून फेकते. उरलेली पाण्यानं मळून तिच्यापुढे ठेवते, लाटणंही देते.

"लाट. शेपूट ठेव हं."

तीनदा साबण लावलाय. तळव्याचा वास जात नाही.