दाजींच्या खुर्चीखालचा डाग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दाजींना ओळखत नाही — आणि आमच्या आष्टीत बोललो तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जाईल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पानाचे शौकीन. माझ्या सर्किटच्या नादाला चांगलं म्हणणारा घरातला हा एकच माणूस. जालन्याहून येताना माझ्यासाठी तांबं चढवलेल्या पाट्या आणतात. प्रिंटरवर काढलेलं सर्किट मी इस्त्रीनं त्या पाटीवर उमटवतो, मग पाटी ताटलीतल्या फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवून ताटली हलवत बसतो. रेषांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. फक्त ते पाणी — त्याचा रंग कसा असतो, माहीत आहे? थेट पानाच्या पिंकेसारखा.

आता तुमच्या लक्षात येत असेल.

त्या दुपारी दाजी जेवून आत आडवे झाले होते. बैठकीत उजेड चांगला, म्हणून मी त्यांच्याच खुर्चीत बसून ताटली हलवत होतो. हिंदकळलं, सांडलं. नवी पांढरी संगमरवरी फरशी, आईचा जीव की प्राण. पुसलं, घासलं — डाग हटेना. ताटली उचलून मी सटकलो.

आईला वाटलं, पिंकच. पण जावयाला बोलायचं कसं? दुसऱ्या दिवशी खुर्चीशेजारी नवीकोरी पितळी पिकदाणी ठेवली आणि वर प्रेमानं म्हणाली, "आरामशीर बसा बरं का." मला हसू आवरेना. हो, मी हसलो.

दाजींनी आमच्या घरी पान खाणं सोडलं. हळूहळू मुक्कामही सोडला. आता चहा घेऊन निघतात. ताई म्हणते, कामं वाढलीत. मला माहीत आहे काय झालंय ते. तेव्हा बोललो असतो तर? आईनं चार शब्द सुनावले असते, इस्त्री काढून घेतली असती. एवढंच. मी इस्त्री वाचवली.

गेल्या दिवाळीत दाजींनी आईनं डागावर टाकलेली चटई सरकवली, डाग अंगठ्यानं घासून पाहिला. आईला म्हणाले, "मामी, मी थुकलो तर न्हाई कधी. बोलता बोलता तोंडातून पडलं आसंल. माफ करा."

"आसू द्या हो. फरशीचं काय येवढं," आई म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. मग त्यांनी पिशवीतून नवी पाटी काढून माझ्या हातात दिली. मी घेतली. त्याच रविवारी तिच्यावर सर्किट केलं. एकदम साफ आलं, एकही रेष तुटली नाही.