मेंढीच्या खांद्यावरची गाठ

"लस हाय म्हणालीस तू. व्हय का न्हाय?" आबांनी, माझ्या चुलत्यांनी, मेंढ्यांच्या वाडग्याच्या दारात काठी आडवी धरली होती.

म्हणाले होते खरी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. हाड खाणारं एक एन्झाइम आपल्याच शरीरात असतं. ते जास्त झालं की हाडं पोकळ होतात. ते हाडात नेमकं कुठं आहे हे दाखवणारी अँटिबॉडी मला तयार करायची होती. त्यासाठी ते एन्झाइम जनावराला टोचायचं आणि त्याच्या रक्तातून अँटिबॉडी काढायची. सशांवर दोनदा फसलं, तेव्हा सर म्हणाले, "तुमच्याकडं मेंढ्या आहेत ना?"

कन्हेरीला, आमच्या गावी, शेतात सगळा ऊस झाला होता, तरी आबांनी आठ-दहा मेंढ्या ठेवल्या होत्या. खरं सांगितलं तर ते नाही म्हणतील, म्हणून मी 'लस' म्हणाले आणि एका मेंढीला टोचलं. तिसऱ्यांदा टोचल्यावर तिच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली आणि फुटली. आबा तिला घेऊन जळोचीच्या गुरांच्या डॉक्टरांकडं गेले. अशी कुठलीच लस नसते, हे त्यांना तिथं कळलं. म्हणून मी रक्त घ्यायला आले, तेव्हा त्यांनी दार अडवलं.

"तुम्ही तिला खाटकालाच देणार होता," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

"खाटकाला मी देतो, ते मला ठावं आसतं. तू माझ्या दारात मला येड्यात काढलंस."

काकी कंबरेत वाकून घरातून बाहेर आल्या. त्यांची पाठ दोन वर्षांत पार वाकली होती. "त्या रक्तानं माझी पाठ सरळ व्हईल का गं?"

"नाही काकी. हाड कुठं झिजतंय, एवढंच कळतं."

"ते मला रोज कळतंय," म्हणून त्या आत गेल्या.

मी काठी बाजूला सारली. मेंढीला गुडघ्यांत धरून मानेतून रक्त घेतलं. आबा नुसते बघत होते, मेंढी धरायला पुढं झाले नाहीत. मी बाटल्या बर्फात ठेवत असताना आबा म्हणाले, "आता जा. परत हितं पाय ठेवू नगंस."

"नाही ठेवणार," मीही तेवढ्याच रागानं म्हणाले.

अँटिबॉडी उत्तम निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली हाडाच्या पातळ कापावर, खड्ड्यांच्या कडेला, अँटिबॉडीनं तपकिरी दाखवलेल्या हाड खाणाऱ्या पेशी स्वच्छ दिसल्या. सरांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले आणि आबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यांनी त्या मेंढीची जखम महिनाभर हळद लावून बरी केली आणि ती विकली नाही, हे आईनं सांगितलं तेव्हा तर राग आणखी वाढला; माझं खाटकाचं बोलणं त्यांनी खोटं पाडलं होतं.

वर्षभरानं इंदापूरला एका लग्नात ते समोर आले. मी पाया पडायला वाकले. चार माणसांदेखत त्यांनी पाय मागं घेतले आणि शेजारच्याला म्हणाले, "चला, जेवायला बसू."