मामांच्या मशीनला हात लावणारा माणूस

हवालदार मामा लोकर कातरायचं मशीन चालू करून कानाशी धरायचे, पण डोळे मात्र आमच्या तोंडाकडे. आवाजात जरा खरखर आली की ते मशीन न्याहाळत बसत नसत, सरळ आम्हालाच विचारत, "कुनी हात लावला?" मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि कातरणीच्या हंगामात सुट्टी काढून मामांकडे जायचो. वय पन्नाशीला टेकलंय. तरीही तो प्रश्न आला की आपणच काहीतरी केलंय असं मला वाटायचं. बऱ्याचदा केलेलंही असायचं.

मामा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त होऊन कवठे महांकाळकडच्या वस्तीवर परतले ते थोरल्या भावामागं राहिलेली शंभरभर मेंढरं सांभाळायला. तोवर वस्तीवर लोकर कातरीनं निघायची. मामांनी विजेवर चालणारी दोन मशीनं आणली. मुठीत धरायचं यंत्र, तोंडाला खाली दातेरी फणी, तिच्यावर इकडून तिकडं धावणारं पातं, आणि दोन्ही एकमेकांवर दाबून धरणारा एक नट. सगळी करामत त्या नटात. सैल राहिला तर पातं लोकर नुसती चावत बसतं, जास्त आवळला तर तापून मेंढराला चटका देतं. "पोरीचं कान टोचताना जेवढा जोर लावशील, तेवढाच," असं मामा मला समजावायचे, आणि समजावून झालं की मशीन माझ्यापासून लांब ठेवायचे.

नटाची जागा कळावी म्हणून त्यांनी त्याच्यावर एक आणि शेजारी मशीनवर एक, असे मामीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. दोन्ही ठिपके समोरासमोर नसले की चौकशी बसायची. एकदा कुतूहलानं मी नट फिरवून पाहिला आणि अगदी अचूक जागेवर आणून ठेवला. अचूक म्हणजे माझ्या मते. मामांनी मशीन हातात घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, नटाचा पाव आटा कुठं ठिवला?" आतून मामी म्हणाली, "माज्या नखाला लावाया बाटलीत थेंब न्हाई, आनि मशीन बगा, नवरीगत नटलंय!"

तेलाची नवी बाटली उघडली की आधी वास, मग दोन बोटांत चोळणं, मग बाटली उन्हात धरणं. निकाल ठरलेला. "ह्यात काय तरी हाय." फण्यांना आणि पात्यांना धार लावायला ते सांगलीला यायचे तेव्हा माझ्याकडे जेवायला थांबत नसत, कारण जेवायला यायचं म्हणजे धारवाल्याला एकटा सोडणं आलं. फणीचे दात मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि प्रत्येक पात्यावर खिळ्यानं खूण. धारवाला एकदा वैतागला. "हवालदार, तुमची पाती बदलून मी काय करू? माझ्याकडं मेंढरू हाय का एक तरी?"

"न्हाई ना," मामा म्हणाले, "म्हणून तर जास्त शंका येती."

या सगळ्याला अपवाद एकच माणूस होता, बिरूतात्या. मामांच्याच वयाचे, शेजारच्या वस्तीवरचे. दोघांनी लहानपणी एकाच ओढ्यात मेंढरं धुतलेली. कातरीनं लोकर काढण्यात तात्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मामांनी त्यांना मशीन शिकवलं आणि पुढं प्रत्येक हंगामात ते बिनधास्त त्यांच्या हातात दिलं. नटसुद्धा तात्या स्वतः आवळायचे आणि मामा तिकडं बघायचेही नाहीत. मी मात्र पाती झाडायचा ब्रश मिळावा म्हणून अर्ज करून होतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हंगामात मात्र विचित्र व्हायला लागलं. कालच धार लावून आणलेलं पातं आठ-दहा मेंढरांत मरायचं. मशीन हाताला चटका बसेल इतकं तापायचं. एका मेंढीच्या कुशीवर भाजल्याचा लाल पट्टा उमटला. त्याआधीच्या हंगामात एका मशीनची मोटार जळून बदलावी लागली होती, ती कुणाची तरी नजर लागूनच, असं मामांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून त्या हंगामात मशीनला तेल घालून झालं की ते रोज "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत त्याच्यावर मूठभर भंडारा उधळायचे आणि मगच बटण दाबायचे. एवढं करूनही मशीन रुसतंय म्हटल्यावर संशयाला ऊत आला. आधी तेलवाला, मग धारवाला, मग वीज, मग मी. मी दोन दिवस मशीनपासून लांब, गोठ्याच्या पलीकडे बसून निर्दोष सुटलो. आणि तिसऱ्या दिवशी मामांची नजर तात्यांवर गेली.

तात्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका वस्तीवर कातरायला जाऊन आले होते आणि तिथंही असलंच मशीन होतं. पाती बदलली असणार! पात्यावरची खूण जागच्या जागी आहे, हे मी दाखवलं. "खूणबी उतरवून घेता येती," मामा म्हणाले आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "बिरू, पिशवी दाव."

तात्यांना आधी थट्टा वाटली. ते हसलेही. मग मामांचं तोंड बघून त्यांनी पिशवी घोंगड्यावर उलटी केली. भाकरीचं फडकं, तंबाखूची डबी, जुनी कातर. "आनि काय काडून दावू, गड्या?" एवढंच बोलून त्यांनी सगळं पुन्हा भरलं आणि पायवाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः कातरायला बसले. आठव्या मेंढराला पातं तापलं. आता तात्या तर नव्हते, म्हणजे उरलो मी. मामांनी माझ्याकडे बघितलं. मीही चिडलो होतो. म्हटलं, "तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो." फणी सोडवली. तिच्या दातांत आणि पात्याखाली पिवळा, चिकट थर बसला होता. तेलात कालवलेली हळद. रोज सकाळचा भंडारा. दरसाल नववीला घर्षणाचा धडा शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला मेंढी भाजावी लागली, तात्या जावे लागले.

मामांनी तो थर नखानं काढून हुंगला. "भंडाऱ्यात भेसळ करत्यात," ते म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं. त्यांनी पाती रॉकेलमध्ये धुतली, तेल दिलं आणि भंडारा न टाकता मशीन चालू केलं. वीस मेंढरं झाली, पातं थंड. इतक्या सुरेख चाललेल्या मशीनकडे इतक्या पडलेल्या तोंडानं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तसेच उठून ते माझ्या मोटारसायकलवर तात्यांच्या वस्तीवर आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "बिरू, चूक माजी. भंडारा मीच टाकत हुतो."

"मशीनचं कळालं," तात्या म्हणाले. "पिशवीचं काय?"

मामा नखात अडकलेला पिवळा थर खरवडत राहिले. तात्याच पुढं म्हणाले, "मेंढरं माज्याबी हाताखालची हायती, येतो मी. पन तुज्या मशीनला ह्यो हात लागायचा न्हाई."

ते शब्दाला जागले. पुढची तीन वर्षं एकीकडे मामांच्या मशीनची घरघर आणि दुसरीकडे तात्यांच्या कातरीची कचकच. मामा रोज सकाळी दुसरं मशीन साफ करून, तेल देऊन तात्यांच्या बसायच्या पोत्याशेजारी ठेवायचे. त्याच्यावरचे नेलपॉलिशचे ठिपके त्यांनी खरवडून टाकले होते. संध्याकाळी ते मशीन जसंच्या तसं उचलून पेटीत ठेवायचे. दोघं पाणी मागायचे, तंबाखू द्यायचे-घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. मशीनचं नाव कुणी काढायचं नाही.

मामांच्या शेवटच्या हंगामात त्यांच्या हाताला कंप सुटला होता. ते कबूल करत नव्हते, फणीत दोष आहे म्हणत होते. एका मेंढीच्या मानेशी फणी सरकली आणि टचकन रक्त आलं. मी मशीन घ्यायला पुढे झालो. "तू न्हाई," मामा म्हणाले. मशीन हातात तसंच थरथरत होतं, खाली मेंढी धडपडत होती, आणि ते धड सोडत नव्हते की चालवत नव्हते.

तात्यांनी कातर खाली ठेवली. धोतराला हात पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मामांच्या मुठीतून मशीन काढून घेऊन बंद केलं. फणी गालाला लावून पाहिली. "लय तापलंय गड्या. नट सोडाय पायजे."

मामा उठले. कुंपणाच्या दगडावर जाऊन बसले ते आमच्याकडे पाठ करून, तोंड पलीकडच्या माळाकडे.

"आरं, हिकडं बग की," तात्यांनी हाक दिली. "किती सोडू?"

मामांनी मान वळवली नाही. म्हणाले, "तुज्या मनानं सोड."