संत्र्याची बाटली

संत्र्याचं चित्र असलेली बाटली मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. पाहुण्याने आणली तरी नाही. बायको म्हणते, लोकांना वाईट वाटतं. वाटू दे.

दारव्ह्याच्या आसपासच्या गावांतून तूर आणि सोयाबीन विकत घ्यायचं आणि बाजारात नेऊन विकायचं, हा माझा धंदा. गाडी माझी, भाव माझा. शाळेत मी टिकलो नाही, कारण मला टिकू दिलं नाही. आम्ही दोघे भाऊ. बापाने थोरल्याला यवतमाळच्या वसतिगृहात धाडलं आणि मला म्हशींमागे. अक्षरं मी पोत्यांवर शिकलो, अडत्याच्या ओट्यावर बसून, हमालांना विचारत. थोरला अजूनही चार माणसांत सांगतो, याचं वाचणं तुरीच्या भावापुरतं. लोक हसतात. ते हसणं मी विसरलेलो नाही.

म्हणून मुलगी पहिलीत गेली तेव्हा ठरवलं, हिला वाचायला आपणच शिकवायचं, आणि असं शिकवायचं की शेजारच्या घरात ऐकू जावं. शेजारचं घर थोरल्याचंच. मध्ये एक सामाईक ओटा.

सुरुवातीला मी शिकवायला बसलो. अक्षर चुकलं की माझा आवाज चढायचा आणि पोरगी खाटेखाली शिरायची. शेवटी बायकोने माझ्या हातातून पाटी काढून घेतली.

"हा काही तुरीचा सौदा नाही," ती म्हणाली. "तुम्ही असे ओरडून राह्यले तर अक्षरं पयून जातीन."

ती दहावी शिकलेली. तिची रीत वेगळी होती. कागदाचे तुकडे कापून, त्यांवर नावं लिहून तिने ते कणकेच्या खळीने डब्यांवर चिकटवले: मीठ, साखर, पोहे, हळद. स्वयंपाक करताना ती डबा मागायची. पोरीने अक्षरांखाली बोट धरायचं, वाचायचं आणि मग झाकण उघडून बघायचं. पोहे बरोबर वाचले की मूठभर पोहे तिचे. घाई नाही, ओरडणं नाही. चुकलं तर बायको नुसतं म्हणायची, पुन्हा बोट ठेव.

मला मात्र संशय आला. माल घेणाऱ्याला येतोच. पोरगी वाचत नसेल, जागा ओळखत असेल. एका दुपारी मी सगळे डबे इकडचे तिकडे करून ठेवले. संध्याकाळी आईने मीठ मागितलं. पोरीचा हात जुन्या जागेकडे गेला, थांबला, मग बोट एकेका कागदावरून फिरत गेलं. "मी... ठ," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे इथं कोणं ठेवलं?"

त्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "ज्यावर जे लिहिलं असते ना, तेच आत असते. वाचता आलं की कोणी फसवू शकत नाही."

मग तिला वाचायचं वेडच लागलं. एसटीची पाटी, साबणाचा कागद, दुकानाचा फळा. दिसेल तिथे बोट.

फवारणीचे दिवस आले. आमच्याकडे तणनाशकाचा डबा एकटा कोणी घेत नाही. दोघे मिळून घेतात, अर्धा अर्धा करतात, आणि ज्याचा वाटा तो हाताला लागेल त्या रिकाम्या बाटलीत ओतून आणतो. थोरल्याने त्याचा वाटा संत्र्याच्या सरबताच्या बाटलीत आणला. घराला कुलूप होतं, म्हणून ती ओट्यावर पाण्याच्या माठाजवळ ठेवून तो किल्ली आणायला गेला.

मी गाडीतून पोती उतरवत होतो. मागून पोरीचा आवाज आला.

"सं... त्रा."

मला बरं वाटलं. जोडाक्षर पहिल्यांदाच वाचलं होतं. मग ती गप्प झाली. त्या शांततेत झाकण फिरल्याचा बारीक आवाज आला. वाचून झाल्यावर जे करायला तिला शिकवलं होतं, तेच ती करत होती.

पोतं टाकून मी धावलो. बाटली ओठांपर्यंत गेली होती. मी हाताने उडवली. पिवळसर पाणी ओट्यावरून वाहत कडेच्या गवतात गेलं. तिचं तोंड धुतलं, हात धुतले, फ्रॉक काढून फेकला आणि तशीच चादरीत गुंडाळून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेली. बायको सगळ्या रस्त्यात तिच्या तोंडाचा वास घेत होती. गाडीत पोरीने विचारलं, "बाबा, मी बरोबर वाचलं होतं ना?"

मी म्हणालो, बरोबर वाचलं होतं.

पोटात काही गेलं नव्हतं. डॉक्टरांनी तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. परत आलो तर थोरला ओट्यावर बसलेला. पोरगी ठीक आहे ना, इतकं विचारून म्हणाला, सगळं गाव असंच आणते.

"दादा, तू बारावी शिकला," मी म्हणालो. "बाटलीवर एक शब्द लिहाले तुह्या हाताले काय झालतं?"

तो उठून आत गेला. काही दिवसांत ओट्याच्या कडेचं गवत पिवळं पडलं, मग जळालं. पोरगी तिथे उभी राहून बघायची.

त्यानंतर तिने वाचणं सोडलं. आईने डबा पुढे केला की हात मागे. बायकोने जोर केला नाही, मीही नाही. मला ते फार जड गेलं. बायको नुसती पोरीसमोर झाकण उघडायची, वास घ्यायला लावायची, मग कागद दाखवायची. आधी वस्तू, मग शब्द. हळूहळू पोरगी पुन्हा वाचू लागली. पण प्रत्येक शब्दानंतर विचारते, "पण आत काय आहे?"

यंदा पुन्हा फवारणी सुरू झाली आहे. गावोगाव फिरताना मोटरसायकलींच्या हँडलला लटकलेल्या पिशव्या दिसतात, त्यांतून डोकावणारी रंगीत बुचं दिसतात. परवा थोरल्याच्या खिडकीत एक बाटली दिसली. या वेळी त्याने चित्राचा कागद सोलून टाकला होता. त्याच्या जागी काहीच लिहिलं नव्हतं.

पोरगी खाली उभी राहून, मान वर करून, बाटलीवर अक्षर शोधत होती.