गुडघ्याची रिंग

"भेऊन काऊन रायले, मास्तर? वाफ हाय, वाघ नाही!"

आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस अर्जुनीत विरळाच. सरकारी दवाखान्यात सुया-कात्र्या वाफेवर निर्जंतुक करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही वाफेशी घरोबा सुटला नाही, कारण त्यांच्या ओट्यावर एक परदेशी कॉफीयंत्र ठाण मांडून बसलं होतं.

यंत्र त्यांच्या धाकट्या भावाचं. तो जहाजावर खानसामा. एका सुट्टीत ते घेऊन आला आणि त्याने अख्ख्या गल्लीला कडू, काळी, वर सोनेरी साय धरलेली कॉफी पाजली. तुम्ही म्हणाल, धानाच्या मुलखात हे कसलं खूळ? आम्हीही तेच म्हणत पेला पुढे करायचो. पुढे आई गेली, त्याला समुद्रावरून पोहोचता आलं नाही, आणि त्या शरमेने त्याने घरी येणंच टाकलं. बाईंनी बोलावून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग एका उन्हाळ्यात त्या भिंतीवरूनच ओरडल्या, "मास्तर, तो येऊन रायला! बुद्धपौर्णिमेले! त्याले त्याचीच कॉफी पाजाची हाय!"

पण यंत्र म्हातारं झालेलं. भुकटी भरलेली दांड्याची वाटी ज्या रबरी रिंगेवर घट्ट बसते, ती रिंग विटेसारखी कडक झाली होती. बटण दाबलं की कॉफी पेल्यात कमी आणि आमच्या अंगावर जास्त.

बाईंना दम कुठला! त्यांनी जुन्या रिंगेत स्क्रू घुसवला, दवाखान्यातल्या चिमट्याने ती उपटली आणि धानगिरणीतल्या रबराचा तुकडा कातरून तिथे बसवला. वाफ थांबली! आम्ही टाळ्या पिटल्या. पण तापल्यावर ते रबर असं फुगलं, की दांडा काही केल्या निघेना. मी यंत्राला मिठी मारली, त्यांनी दांडा ओढला, डबे खाली आले. शेवटी दांडा निघाला. पेल्यातली कॉफी प्यायलो, तर तिला गिरणीचा वास.

"हे पाजलं तं तो आल्या गाडीनं वापस जाईन," म्हणत त्यांनी मला गोंदियाला पिटाळलं.

तिथला दुकानदार पोट धरून हसला. "मास्टरजी, चाय पीओ, सुखी रहो!" पण त्याने मुंबईहून रिंग मागवून दिली. ती हातात पडली पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आणि निघाली पातळ! दांडा नुसता पुढे पुढे फिरायचा, कुठे अडेचना. मी डोक्याला हात लावून बसलो.

बाईंनी पेटीतून एक मोठं पाकीट काढलं. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे. त्यावर रिंग ठेवली आणि कात्री चालवली.

"अहो बाई, तुमचा गुडघा!"

"गुडघा तं गेलाच हाय. फिलम तं कामाले येईन!"

तो गोल तुकडा रिंगेमागे सरकवला. दांडा फिरवला. बरोबर मध्यावर येऊन थांबला! बटण दाबलं, आणि काय सांगू, सोन्याची धार! एक थेंब बाहेर नाही. बाई दुखऱ्या गुडघ्यासकट नाचल्या.

पौर्णिमेच्या सकाळी वंदना आटोपून आम्ही खीर खात होतो. भाऊ दारात येऊन उभा राहिला. पिशवी हातात, मान खाली. उंबरा ओलांडेना. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. उठल्या आणि बटण दाबलं. वास दारापर्यंत पोहोचला.

"भाहेर काऊन उभा? कॉफी थंडी होऊन रायली ना!"

तो आत आला. पेल्यात पाहिलं. "ताई, साय आली वो," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तो मग गेलाच नाही. आता सिस्टरबाई नाहीत, त्या घरात तोच राहतो. परवा यंत्र पुन्हा गळायला लागलं म्हणून आम्ही दोघांनी ते उघडलं. रिंगेचा भुगा झाला होता. मागची फिल्म कॉफीने तांबूस झाली होती, पण शाबूत होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. एका कडेला गुडघ्याच्या हाडाची पांढरी कोर अजून दिसत होती.

"नवी कापायची का?" मी विचारलं.

"हे नाही बदलवाचं, मास्तर."

त्याने ती सदऱ्याला पुसली, जागेवर ठेवली, वर नवी रिंग बसवली आणि दांडा फिरवला. बाईंनी थांबवला होता तिथेच तो थांबला.